दिवस संसाराचा, रात्र लेखणीची : गजानन माधव मुक्तिबोध

हिंदी कवितेचा अभ्यास करणाऱ्याला गजानन माधव मुक्तिबोध हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. मात्र स्वतःच्या कवितांचा एकही संग्रह छापून आलेला या कवीने पाहिला नाही. मराठी घरात जन्मलेला आणि हिंदीत लिहिणारा हा माणूस आयुष्यभर शाळामास्तर, कारकून, वार्ताहर, संपादक आणि शेवटी प्राध्यापक अशा नोकऱ्या करत राहिला, कारण घरात पत्नी होती, मुले होती आणि चूल पेटवायची होती. या अंकात आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

मुक्तिबोधांचाच विचार आम्ही का केला, हेही सांगायला हवे. आपल्या बालाघाटच्या मराठी घरांतील मुले घरात मराठी बोलतात आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की हिंदी. पालकांपैकी अनेकांना काळजी वाटते की अशाने मूल धड इकडचे राहणार नाही आणि धड तिकडचेही होणार नाही. मुक्तिबोधांचे घर असेच दोन भाषांचे होते. शिवाय ते आपल्याला परके नाहीत. त्यांची दहा वर्षे नागपुरात गेली आणि शेवटची सहा वर्षे राजनांदगावात. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते, आणि गोंदिया म्हणजे आपल्याला शेजारचे अंगण.

जन्म आणि घर

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. श्योपूर त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात होते, आज ते मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. घराणे मूळचे खानदेशातील जळगावकडचे. पूर्वज नोकरीधंद्याच्या निमित्ताने ग्वाल्हेर संस्थानात आले आणि तिकडचेच झाले. बालाघाटच्या कितीतरी घरांची कहाणी अशीच आहे, फक्त गावांची नावे वेगळी.

वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. स्वच्छ हाताचा माणूस अशी त्यांची ख्याती होती. आई पार्वतीबाई बुंदेलखंडाच्या बाजूच्या, ईसागढच्या शेतकरी कुटुंबातल्या. त्यांचे बालपण हिंदी वातावरणात गेले होते, त्यामुळे मराठी घरात येऊनही त्यांचा हिंदी पुस्तकांशी असलेला स्नेह तुटला नाही. प्रेमचंदांच्या कथा त्या मन लावून वाचत, वाचताना त्यांचे डोळे भरून येत आणि त्या कथांतील माणसांबद्दल मुलाला सांगत. आपल्याला प्रेमचंदांचा भक्त आईने केले, असे मुक्तिबोधांनी पुढे एका लेखात कृतज्ञतेने नोंदवले आहे. घरात बसून पुस्तक वाचणारी आई मुलाला काय देऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

मुलगा लाडात वाढला. घरात त्याला बाबूसाहेब म्हणत. मात्र वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा सारख्या बदलत. या धरसोडीचा परिणाम व्हायचा तो झाला. १९३० मध्ये उज्जैनला दिलेल्या मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पुढे ज्यांच्या लेखनावर इतरांनी डॉक्टरेट मिळवली, ते तेराव्या वर्षी मिडलला नापास झाले होते. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, आणि तिथे थांबलेही नाहीत. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते बी. ए. झाले.

संसार आणि नोकऱ्या

१९३९ मध्ये त्यांचे लग्न शांताबाईंशी झाले. हे लग्न त्यांच्या स्वतःच्या पसंतीचे होते आणि घरच्यांना ते मान्य नव्हते. लग्नापाठोपाठ संसाराची जबाबदारी आली आणि ती त्यांच्या खांद्यावरून शेवटपर्यंत उतरली नाही.

शिक्षकाची नोकरी हा त्यांचा पहिला आधार. बडनगरची मिडल स्कूल, मग शुजालपूरचे शारदा शिक्षा सदन, मग उज्जैनची दौलतगंज शाळा. शुजालपूरला त्यांना नेमिचंद्र जैन यांच्यासारखा मित्र मिळाला. ही मैत्री आणि दोघांमधला पत्रव्यवहार अखेरपर्यंत टिकला. ती पत्रे आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. साहित्याच्या गप्पांच्या शेजारीच त्यांत नोकरीची विवंचना आणि घरखर्चाची ओढाताण दिसते.

१९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेला 'तार सप्तक' हा संग्रह निघाला. सात नव्या कवींच्या कविता त्यात होत्या. हिंदी कवितेच्या इतिहासात या पुस्तकापासून नवे पर्व सुरू झाले असे मानतात. आपल्याला अभिमान वाटावा अशी बाब म्हणजे त्या सातांतील दोघे मराठी घरचे होते : एक मुक्तिबोध आणि दुसरे प्रभाकर माचवे. तेव्हा मुक्तिबोधांचे वय होते अवघे पंचवीस.

नाव झाले, पण पगार काही वाढला नाही. १९४५ च्या सुमारास ते बनारसला प्रेमचंदांनी सुरू केलेल्या 'हंस' मासिकात गेले. पगार महिना साठ रुपये. त्या साठ रुपयांत लेख तपासण्यापासून अंक पोस्टात रवाना करण्यापर्यंत सगळे काम करावे लागे. तेथून ते जबलपूरला आले आणि हितकारिणी हायस्कूलमध्ये पुन्हा मास्तर झाले. पुढे १९४८ मध्ये त्यांनी नागपूर गाठले.

एकामागून एक बदललेल्या या नोकऱ्या पाहून कोणाला वाटेल की हा माणूस धरसोड वृत्तीचा होता. आम्हाला तसे वाटत नाही. वाढत्या कुटुंबाला पुरेल असा पगार शोधत ते गावोगाव फिरत होते. कोणत्याही गावी त्यांनी घराची जबाबदारी टाकली नाही, आणि लिहिणेही थांबवले नाही.

नागपूरची दहा वर्षे

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. बालाघाट जिल्हाही त्याच प्रांतात, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सरकारी कामासाठी नागपूरच गाठावे लागे. मुक्तिबोधांना तिथे सरकारच्या माहिती व प्रकाशन खात्यात नोकरी मिळाली. नंतर ते आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर वृत्तविभागात गेले.

सरकारी नोकराला स्वतःच्या नावाने राजकारणावर लिहिता येत नसे. म्हणून 'सारथी' या साप्ताहिकात त्यांनी 'यौगंधरायण', 'अवंतीलाल गुप्त' अशा टोपणनावांनी लेख लिहिले. विषय असत आंतरराष्ट्रीय घडामोडी, कामगारांचे प्रश्न, देशाची अर्थव्यवस्था. दिवसभर कचेरीत बातम्या लिहायच्या, घरी येऊन मुलांत रमायचे आणि सगळे निजल्यावर पुन्हा कागद पुढे ओढायचा, असा त्यांचा क्रम पडून गेला. चहा आणि विडी हेच काय ते सोबती. विडीचा मोह सोडला तर या दिनक्रमात विद्यार्थ्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

याच धकाधकीत १९५४ मध्ये ते नागपूर विद्यापीठातून एम. ए. झाले. वय छत्तीसच्या पुढे गेलेले, घरात मुले शाळेत जाणारी, आणि वडीलही परीक्षेचा अभ्यास करणारे. ही पदवी त्यांनी हौसेखातर घेतली नाही. महाविद्यालयात शिकवायची संधी मिळवायची तर एम. ए. व्हायलाच हवे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बालाघाटच्या जुन्या मंडळींना ही तारीख वेगळी सांगायला नको. नागपूर आणि तेव्हाचा भंडारा जिल्हा, ज्यात गोंदियाही होते, मुंबई राज्यात गेले. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली. नकाशावर ओढलेल्या त्या रेघेने अनेक घरांचे सोयरे, नोकऱ्या आणि शाळा दोन राज्यांत वाटल्या गेल्या. मुक्तिबोधांच्या आयुष्यालाही याच वर्षी वळण लागले. आकाशवाणीची नोकरी सुटली आणि ते 'नया खून' या नागपूरच्या हिंदी साप्ताहिकाचे संपादन करू लागले. लेखणीला मोकळीक मिळाली, पण उत्पन्नाची शाश्वती गेली.

राजनांदगाव

१९५८ मध्ये त्यांना राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली. हे महाविद्यालय त्याआधी वर्षभरच, १९५७ मध्ये, तेथील संस्थानिकांच्या राजवाड्यात सुरू झाले होते. दोन्ही बाजूंना राणीसागर आणि बुढासागर ही तळी आणि मध्ये जुना वाडा. महाविद्यालयाच्या आवारातच मुक्तिबोधांना पुढे राहायला जागा मिळाली. त्या घरातला वर्तुळाकार जिना आजही पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच त्यांना जरा स्थिर आयुष्य मिळाले. पगार मोठा नव्हता, जुनी देणी होती, पण महिन्याच्या शेवटी हाती काही पडेल एवढी खात्री होती. नोकरीतला सन्मानही होता. मन लावून शिकवावे, मित्रांना घरी बोलवावे, चहा पाजावा आणि रात्री लिहावे, असे दिवस सुरू झाले. 'अंधेरे में' ही त्यांची आठ भागांची दीर्घ कविता १९५७ ते १९६२ या काळात लिहून झाली. मध्यमवर्गीय माणूस स्वतःच्या भीतीला आणि सोयीला कसा शरण जातो, आणि त्याचे मन त्याला कसे टोचत राहते, हा त्या कवितेचा गाभा. हिंदीतील सर्वश्रेष्ठ दीर्घ कवितांत तिची गणना होते. प्रसादांच्या 'कामायनी'वरील त्यांचा समीक्षाग्रंथ 'कामायनी : एक पुनर्विचार' १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जबलपूरच्या 'वसुधा' मासिकात, ज्याचे संपादक हरिशंकर परसाई होते, त्यांनी डायरीच्या रूपात लिहिलेले लेखही वाचकांना आवडले.

या सगळ्यात शांताबाईंचे नाव फारसे कोणी घेत नाही. साठ रुपयांच्या पगारापासून प्राध्यापकीपर्यंत, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर, राजनांदगाव असा हा संसार त्यांनी निभावून नेला. रात्री कंदिलाशी वा दिव्याशी बसून लिहिता येते ते दिवसाचे घर कोणीतरी सांभाळते म्हणून. ते श्रेय आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो.

एका पाठ्यपुस्तकाची गोष्ट

शाळेशी संबंध असलेल्या आपणा सर्वांना मुक्तिबोधांच्या आयुष्यातील पुढचा प्रसंग ठाऊक असायला हवा. 'भारत : इतिहास और संस्कृति' हे त्यांचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शाळांत लागलेही. पाठ्यपुस्तकाच्या मिळकतीतून घरची ओढाताण थोडी सुटेल, अशी आशा होती. पण पुस्तकातील काही मजकुरावर आक्षेप घेण्यात आले, त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि १९ सप्टेंबर १९६२ रोजी मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. पुढे प्रकरण न्यायालयातही गेले.

मिळणारे पैसे बुडाले, याचे दुःख तर होतेच. पण आपण अभ्यास करून, मुलांच्या हिताचे म्हणून लिहिलेले पुस्तक देशाला घातक ठरवले जावे, हा घाव त्यांच्या मनात खोल गेला. त्यांच्या मित्रांनी पुढे जे लिहिले त्यावरून असे दिसते की या आघातातून ते पुरते सावरलेच नाहीत. पुस्तकातील मते पटोत वा न पटोत, ती वाचून, तपासून, चर्चा करून ठरवायची असतात, हा धडा या प्रसंगातून प्रत्येक शाळेने घ्यावा असे आम्हाला वाटते.

अखेर

१७ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. प्रकृती सुधारेना, तेव्हा साहित्यिक मित्रांनी धावाधाव केली आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत शब्द पोहोचवला. जूनमध्ये त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. रोग होता मेंदूच्या आवरणाचा क्षय. मुक्तिबोध शुद्धीवर आले नाहीत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची सत्तेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

ते बेशुद्ध असतानाच मित्रांनी त्यांच्या कवितांचा संग्रह छापण्याची सिद्धता केली होती. श्रीकांत वर्मा यांनी कविता जमवल्या, शमशेर बहादूर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली. भारतीय ज्ञानपीठाने 'चाँद का मुँह टेढ़ा है' या नावाने तो १९६४ मध्येच प्रसिद्ध केला. पण ज्याच्या कविता, त्याच्या हाती ते पुस्तक पडले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हैदराबादच्या 'कल्पना' मासिकाने 'अंधेरे में' छापली. तेव्हा कवीला जाऊन दोन महिने होत आले होते.

त्यानंतर त्यांचे लेखन एकेक करून उजेडात आले. 'काठ का सपना' या कथा १९६७ मध्ये आल्या. १९८० मध्ये 'भूरी-भूरी खाक-धूल' हा दुसरा कवितासंग्रह आला, आणि त्याच वर्षी नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली'. मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट काढला, तोही १९८० चा. ट्रंका-पेट्यांत राहिलेली हस्तलिखिते घरच्यांनी आणि मित्रांनी जपली म्हणून हे सहा खंड होऊ शकले. राजनांदगावच्या महाविद्यालयाच्या परिसरात मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तिघांचे 'त्रिवेणी' नावाचे स्मारक संग्रहालय आहे. शाळेच्या सहली जबलपूर, कान्हाला जातातच, एखादी तिकडेही जावी अशी आमची सूचना आहे.

दोन भाऊ, दोन भाषा

मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील मोठे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे त्यांचे कवितासंग्रह, 'क्षिप्रा' ही कादंबरी. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच आईची दोन मुले, एकाच घरात वाढलेली, एकाने हिंदीचे दालन उजळले आणि दुसऱ्याने मराठीचे. थोरल्याने हिंदीत लिहिले म्हणून घरची मराठी बुडाली नाही, आणि धाकट्याने मराठीत लिहिले म्हणून तो हिंदी मुलखाला परका झाला नाही. मराठी टिकवली तर मुलाचे हिंदी कच्चे राहील, ही भीती बाळगणाऱ्या पालकांनी या दोन भावांकडे पाहावे.

विश्वस्त मंडळींसाठीही या चरित्रात एक गोष्ट आहे. मुक्तिबोधांच्या आयुष्यातील सर्वांत सकस सहा वर्षे एका लहान गावातल्या, नुकत्याच सुरू झालेल्या संस्थेने त्यांना दिली. महाविद्यालय नवे होते, साधने थोडी होती. पण एका कष्टाळू माणसाला तिथे वेळेवर पगार, डोक्यावर छप्पर आणि शिकवण्यातला मान मिळाला. तेवढ्यावर हिंदीला 'अंधेरे में' पूर्ण होऊन मिळाली. लहान गावच्या शाळेलाही आपल्या शिक्षकांसाठी एवढे करता येते.

विद्यार्थ्यांनो, घरी वडील उशिरा येतात, थकलेले असतात, आई दिवसभर राबत असते. त्या थकलेल्या माणसांच्या मनातही काही करायचे राहून गेलेले असते. कोणाला गाणे, कोणाला चित्र, कोणाला चार ओळी लिहिणे. मुक्तिबोधांचे मोठेपण जगाला कळले तेव्हा ते ऐकायला ते नव्हते. आपल्या घरातील माणसांच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. त्यांना काय आवडत होते, हे त्यांनाच विचारा, आणि त्यांच्या वहीतले काही सापडले तर जपून ठेवा.

११ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन आणि १३ नोव्हेंबर ही जयंती. त्यांच्या कष्टांना आणि शांताबाईंच्या कष्टांना शाळेच्या वतीने आमचे विनम्र अभिवादन.